रंगरावांच्या नावाचा डबा

रविवारी तलावाकाठच्या कॉलनीतल्या खासगी बागा पाहायला आपण दोघे जाणार आहोत, हे श्यामलाबाईंनी गुरुवारी सकाळी पोहे वाढता वाढता जाहीर केले आणि बजरंगराव शितोळ्यांच्या घशात शेंगदाणा अडकला.

"नावं दिलीत मी दोघांची," श्यामलाबाई म्हणाल्या. "वर्षातून एकदा ते बंगलेवाले फाटकं उघडतात म्हणे. चार बागा आहेत. आणि चौथी कुणाची, सांगा बघू?"

बजरंगराव पाणी प्यायले. "कुणाची?"

"तुमच्या रंगरावांची! 'सुशीला' बंगला. यादीत नाव वाचलं आणि म्हटलं, चला, चार वर्षांनी का होईना, भेटीचा योग आला."

बजरंगराव आणखी थोडे पाणी प्यायले. या रंगरावांना त्यांनी आयुष्यात एकदाही पाहिलेले नव्हते.

त्याचे असे झाले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर बजरंगराव पहाटे पाषाण तलावाकडे फिरायला जाऊ लागले. वाटेत ही बंगल्यांची कॉलनी लागे. भिंतींवरून जास्वंद, तगर, सोनचाफा असे काही ना काही रस्त्यावर डोकावत असे. रस्त्यावर आलेली फांदी सार्वजनिक असते, असे बजरंगरावांचे प्रामाणिक मत होते. जी फांदी रस्त्यावर आलेली नसे, तिला ते छत्रीच्या मुठीने रस्त्यावर आणत. हे सगळे सव्वापाचच्या सुमारास उरकत असल्यामुळे त्यांच्या मताला आजवर कुणी हरकत घेतली नव्हती.

पहिल्या दिवशी पिशवीभर फुले पाहून श्यामलाबाईंनी विचारले, "कुठनं आणलीत? तोडून नाही ना आणलीत कुणाची? चोरीचं फूल मी देवाला वाहायची नाही, आधीच सांगते."

बजरंगरावांच्या डोळ्यांपुढे शेवटच्या फाटकावरची नावाची पाटी आली. "छे! रंगराव म्हणून एक मित्र झालेत. त्यांच्या बागेतली आहेत. घ्याच म्हणाले."

खरे तर प्रकरण इथेच मिटायला हवे होते. पण श्यामलाबाई कुणाचे फुकट ठेवून घेणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी शंकरपाळ्यांचा डबा हातात ठेवला, "रंगरावांना द्या." डबा परत आणणे शक्य नव्हते. बजरंगराव तलावाकाठच्या बाकावर बसले आणि शंकरपाळे खाऊन घरी आले. मग संक्रांतीच्या गुळपोळ्या गेल्या, होळीच्या पुरणपोळ्या गेल्या, दिवाळीचा फराळ गेला. सगळे त्या बाकावर पोचले.

डबा गेला की निरोप यायला हवा. "छान होतं म्हणाले" हे तीनदा सांगून झाल्यावर श्यामलाबाईंना शंका येऊ लागली. "खाल्लं तरी का त्यांनी, की नुसतं आपलं बोलायचं म्हणून?" तेव्हा गोष्ट खरी वाटावी म्हणून बजरंगराव म्हणाले, "चकली जरा कडक झाली होती म्हणाले." गोष्ट एकदम खरी वाटली. श्यामलाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. पुढच्या दिवाळीला त्यांनी भाजणीचे प्रमाण बदलले. त्या वर्षी रंगरावांना चकली मऊ वाटली. तिसऱ्या वर्षी तिखट वाटली. चौथ्या वर्षी कुरकुरीत होती, पण काटे नीट नव्हते.

डबा नेहमी रिकामा परत येई, हे मात्र श्यामलाबाईंना खटके. "भरून आलेला डबा कुणी रिकामा परत करतं का? चार कढीपत्त्याच्या काड्या तरी घालाव्यात माणसानं." यावर बजरंगरावांनी रंगरावांना विधुर करून टाकले. बंगल्याचे नावच 'सुशीला' होते, तेव्हा ते दिवंगत पत्नीचे असणार हे उघड होते. श्यामलाबाई हळहळल्या आणि रिकामा डबा त्यांनी माफ केला. "एकदा जेवायलाच बोलवा बिचाऱ्यांना," असे त्या म्हणाल्या, तेव्हा रंगरावांचे दोन्ही गुडघे गेले. घराबाहेर पडणेच बंद झाले.

आता श्यामलाबाई त्यांना भेटायला त्यांच्या घरी निघाल्या होत्या.

शनिवारी रात्री बजरंगरावांची कंबर धरली. "मला काही जमेलसं वाटत नाही उद्या."

"मग पडून राहा. मी एकटी जाऊन भेटते रंगरावांना."

कंबर लगेच थोडी सुटली. "तसं हळूहळू चालता येईल."

"मग छत्री घ्या. टेकायला बरी."

अशा रीतीने बजरंगराव रविवारी सकाळी नऊ वाजता, भर उजेडात, मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली ती छत्री टेकत कॉलनीत शिरले. श्यामलाबाईंच्या हातात डबा होता. दिवाळी होऊन दोन महिने झाले होते, तरी त्यांनी आदल्या दिवशी खास चकल्या तळल्या होत्या. आज निकाल समोरासमोर लावायचा होता.

तीसेक माणसे जमली होती. अपेक्षा नावाची एक उत्साही मुलगी गळ्यात शिट्टी अडकवून सगळ्यांना हाकत होती. "काका-काकू, प्लीज ग्रुपमध्ये राहा! फोटो अलाउड आहेत, पण फुलांना टच करायचं नाही, ओके?"

"कोण करतंय टच?" बजरंगराव म्हणाले. त्यांना कुणी विचारलेले नव्हते.

पहिल्या बागेच्या मालकीण पद्मजाताईंनी गुलाब दाखवले, ऑर्किड दाखवली आणि मग सोनचाफ्यापाशी येऊन सुस्कारा सोडला. "हा बहरतो, पण मला काही दिसत नाही. पहाटे कोणीतरी मेला सगळी फुलं ओरबाडून नेतो."

"काय माणसं असतात!" श्यामलाबाई कळवळल्या. "आणि ती फुलं देवाला वाहत असेल. देव तरी कसा घेत असेल हो?"

"बहुतेक भिंतीकडची नेत असेल," बजरंगराव सांत्वन करायला म्हणून म्हणाले. "आतली राहतात की. वरच्या फांदीला छत्री पोचत नाही."

पद्मजाताईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिले. अपेक्षाने शिट्टी वाजवली म्हणून बरे झाले.

दुसऱ्या बागेत पृथ्वीराज नावाचे दणकट गृहस्थ फाटकातच म्हणाले, "कुत्रा बांधलाय. जवळ जाऊ नका, तो घरच्यांशिवाय कुणालाच ओळखत नाही." त्याच क्षणी कुत्र्याने साखळीसकट झेप घेतली आणि बजरंगरावांच्या पायांवर लोळण घेऊन तो त्यांचा उजवा खिसा हुंगू लागला. चार वर्षे रोज पहाटे त्या खिशातून एक बिस्कीट निघत असे.

"कमाल आहे," पृथ्वीराज म्हणाले. "तुम्ही आधी कधी आला होता का?"

"मुक्या जनावराला माणूस कळतो," श्यामलाबाई अभिमानाने म्हणाल्या.

तिसरी बाग कशी होती, हे बजरंगरावांना पुढे कधी सांगता आले नाही. ते घामाघूम झाले होते आणि कंबर आता खरोखरच दुखू लागली होती. मग 'सुशीला' आली. भिंतीवर पाटी होती: 'देवासाठी फुले नेणाऱ्यांनी देवाचे पूर्ण नाव व पत्ता आत द्यावा. आम्ही स्वतः पोचवू.'

"विनोदी आहेत हो रंगराव," श्यामलाबाई म्हणाल्या. "बोलला नाहीत कधी."

फाटक एका साठीच्या, ठेंगण्या बाईंनी उघडले. हातात झारी होती. श्यामलाबाई पुढे झाल्या. "तुम्ही रंगरावांच्या बहीण का?"

"बायको."

श्यामलाबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिले. "दुसरी असेल," बजरंगराव त्यांच्या कानाशी पुटपुटले. "मला काही बोलले नाहीत."

श्यामलाबाई मनाने मोठ्या होत्या. त्यांनी बाईंचा झारीचा हात हातात घेतला. "बरं केलंत हो. या वयात सोबत लागतेच. आणि बंगल्याला सुशीलाताईंचं नाव तसंच राहू दिलंत, त्याला मन मोठं लागतं."

"मीच सुशीला," बाई म्हणाल्या. "एकोणचाळीस वर्षं झाली लग्नाला. माझ्या आधी कोण होती?" मग त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "अहो! जरा बाहेर या. तुमच्या पहिल्या बायकोची चौकशी आलीय."

गच्चीवरून एक काटक गृहस्थ दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आले.

"गुडघे?" श्यामलाबाईंनी विचारले.

"ऑपरेशन चांगलं झालेलं दिसतंय," बजरंगराव म्हणाले.

"भावोजी, मी श्यामला शितोळे. यांची बायको," श्यामलाबाईंनी नमस्कार केला. रंगरावांनी 'यांच्या'कडे पाहिले. आधी बूट पाहिले, मग चेहरा पाहिला आणि मग त्यांची नजर छत्रीच्या मुठीवरच्या लाल चिकटपट्टीवर येऊन थांबली.

"अच्छा," ते म्हणाले. "हे होय."

सगळा घोळका आता यांच्याभोवती उभा होता. पद्मजाताई सर्वांत पुढे होत्या. रंगरावांच्या पुढच्या एका वाक्याने चार वर्षांची देवपूजा बाटणार, आणि श्यामलाबाई पुन्हा आपल्या एका शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत, हे बजरंगरावांना स्वच्छ दिसले. त्यांना मनापासून रडू यायला लागले.

"ओळखता ना यांना?" श्यामलाबाईंनी विचारले. आवाज जरा बारीक झाला होता.

रंगरावांनी त्यांच्या हातातल्या डब्याकडे पाहिले, मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. "न ओळखून कसं चालेल? रोज सव्वापाचला येतात. पावसापाण्यात खाडा नाही. आमच्या बागेकडे इतक्या नेमानं घरातलंही कुणी बघत नाही."

"आणि तुम्ही फुलं देता."

"मी नको म्हटलंय, असं आजवर झालं नाही."

श्यामलाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डबा उघडून पुढे धरला. "मग ही चकली खा आणि तोंडावर सांगा. कडक म्हणालात, मऊ म्हणालात, यंदा काटे नाहीत म्हणालात."

"मी म्हणालो?" रंगरावांनी बजरंगरावांकडे पाहिले. बजरंगराव अबोलीच्या रोपाचे बारकाईने निरीक्षण करत होते. रंगरावांनी एक चकली खाल्ली, दुसरी खाल्ली आणि तिसरी हातात घेतली. "वहिनी, हिला नावं ठेवणारा माणूस गाढव असला पाहिजे."

"अहो, तुम्हीच ठेवलीत."

"मग मी गाढव. शितोळे, जरा मागे या. एक झाड दाखवतो."

मागे झाड नव्हते. पाण्याची टाकी, नळ आणि लांबलचक पाइप होता. रंगरावांनी खिशातून फोन काढला. भिंतीवरच्या कॅमेऱ्यातले बजरंगराव छत्री उंच करून चवड्यांवर उभे राहिलेले त्यात दिसत होते.

"चुकलो," बजरंगराव म्हणाले. "फुलांचं मी..."

"फुलांचं राहू द्या. झाडाला उद्या परत येतात." रंगरावांचा आवाज प्रथमच चढला. "चार दिवाळ्या माझ्या नावावर चकल्या खाल्ल्यात तुम्ही? कुठे?"

"तलावाकाठी. बाकावर."

"गुळपोळ्याही?"

बजरंगरावांनी मान खाली घातली.

"उद्यापासून फाटकातून यायचं," रंगराव म्हणाले. "सव्वापाचला. हा नळ, हा पाइप. सगळ्या बागेला पाणी घालायचं, तण काढायचं, मग ओंजळभर फुलं न्यायची. पद्मजाताईंच्या सोनचाफ्याला हात लावायचा नाही. डबा इथे द्यायचा, आणि मत मी स्वतः कळवीन. तुमच्या बायकोकडे बघून गप्प बसलोय, तुमच्याकडे बघून नाही."

ते परत पुढे आले तेव्हा सुशीलाबाई श्यामलाबाईंचा डबा घेऊन उभ्या होत्या. चकल्या काढून घेतल्या होत्या आणि डब्यात लिंबे, ओली हळद आणि वर कढीपत्ता कोंबून भरला होता. "रिकामा कसा देऊ?" त्या म्हणाल्या. श्यामलाबाईंनी डबा घेतला आणि बराच वेळ त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. घरी येताना त्या वाटेत दोनदा थांबल्या आणि डब्याचे झाकण उघडून पाहू लागल्या. दमल्या असतील, असे बजरंगरावांना वाटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बजरंगराव चपला घालत असताना श्यामलाबाईंनी त्यांच्यापुढे दोन डबे ठेवले.

"हा मोठा रंगरावांचा."

"आणि हा?"

"हा छोटा तुमच्या बाकाचा. चार वर्षं माझं खातोय बिचारा, एकदा तरी त्याच्या नावानं द्यावं म्हटलं."

बजरंगरावांचा एक पाय चपलेत आणि एक बाहेर राहिला. "कुणी सांगितलं तुला?"

"सांगायचंय काय? अनोळखी बाईचा डबा जी दहा मिनिटांत भरून देते, ती चार वर्षं माझे डबे रिकामे पाठवेल?" श्यामलाबाईंनी दार उघडून धरले. "आजची फुलं मागून आणायची. आणि बाकाला म्हणावं, त्याचं काय ते मत त्यानं सरळ सांगावं. रंगरावांच्या तोंडून नको."

बजरंगरावांनी दीड तास बागेला पाणी घातले. मग बंद दाराशी जाऊन, आयुष्यात प्रथमच, "फुलं घेऊ का?" असे विचारले. आतून "घ्या" असे उत्तर आले. ते बाकावर जाऊन बसले आणि त्यांनी छोटा डबा उघडला. या वेळची चकली खरोखरच कडक होती. इतकी, की ती मुद्दाम तशी केली असावी. त्यांनी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत मुकाट्याने खाल्ली. मग रिकाम्या डब्यात तगरीची फुले भरली आणि ते घरी आले.

"काय म्हणाला बाक?" श्यामलाबाईंनी विचारले.

"फार छान झाली होती म्हणाला," बजरंगराव म्हणाले.