पूर्वलक्षण पडताळणी समिती

दक्षिण कोरियात, देजॉनमधल्या आमच्या महिला विद्यापीठात मुलींना महिन्यातून एक दिवस पाळीची रजा मिळते. विद्यापीठ याबाबत फार हळवं आहे. अर्ज मुद्दाम गुलाबी कागदावर छापलाय.

दुसऱ्या वर्षाच्या, नाम आडनावाच्या दाऊलची अडचण अशी, की तिला त्रास पाळीत होत नाही, आधीचे चार दिवस होतो. डोकं ठणकतं, कंबर धरते, हातातला चमचा पडला तरी रडू फुटतं. 'ताणतणावाचे नियोजन' या सक्तीच्या विषयाला तिच्या दोन गैरहजेऱ्या झाल्या होत्या. चार झाल्या की नापास, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच नियोजन.

सोमवारी पोटावर शेकपट्टी चिकटवून ती कार्यालयाच्या खिडकीशी गेली.

"सुरू झाली?" कारकून प्यो बाईंनी विचारलं.

"नाही बाई, शुक्रवारी होईल."

"मग शुक्रवारी ये."

"शुक्रवारी मी ठणठणीत असते."

"ठणठणीत मुलीला रजा कशाला गं?"

दाऊलने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. 'पाळी येताच आराम पडतो,' या ओळीखाली बाईंनी पट्टी धरून रेघ मारली. "बघ, डॉक्टरही थांबच म्हणतात."

दाऊलने वर अर्ज केला. दुसऱ्याच दिवशी चार प्राध्यापकांची 'पूर्वलक्षण पडताळणी समिती' बसली. विषयाशी कुणाचाही वैयक्तिक संबंध नसावा, म्हणून चौघेही पुरुष.

समितीपुढे बोलता बोलता दाऊल रडली. शेरा पडला: 'अर्जदार भावनावश. जबाब ग्राह्य नाही.'

पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं. या खेपेला ती ओठ चावून बसली, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. शेरा: 'लक्षणे आढळली नाहीत.'

दोन्ही बैठका मंगळवारी दुपारी दोनला झाल्या. 'ताणतणावाचे नियोजन'चा तास मंगळवारी दुपारी दोनलाच असतो. दहा दिवसांनी नापासाचं पत्र आलं.

"बाई, तुमच्याच समितीपुढे बसले होते मी! वर्गात कुठून असणार?"

"आवाज खाली."

"नाही करणार!"

प्यो बाईंनी खिडकी अर्धी लोटली आणि शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाल्या, "जवळ आली असेल हिची तारीख."

"तोंडावरून दिसतंयच की," शेजारीण म्हणाली.

"म्हणजे न तपासता कळतं तुम्हाला?" दाऊल शांतपणे म्हणाली. "आणि तेही चुकीचं. गेल्या आठवड्यातच होऊन गेली माझी. हा नुसता राग आहे, बाई."

रागासाठी कार्यालयात कुठल्याच रंगाचा अर्ज नाही. खिडकी बंद झाली.

प्यो बाईंनी तारखेचं अनुमान काढलं तेव्हा दाऊलमागे रांगेत अकराजणी होत्या. माना बारा डोलल्या. बारावी कुणाची, ते मी विचारत नाही. वाचताना वाचणाऱ्याचीही हलते कधी कधी.