दिगू परबचा सर्व्हर

दिगू परबच्या दारात कोणी आलं की तो ‘या, बसा’ म्हणत नाही. ‘कुठल्या वाटेने आलात?’ असं विचारतो. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीला दोन जिने आहेत. जावई असो की गॅसवाला, तो कुठल्या जिन्याने वर आला हे कळल्याशिवाय दिगूला चैन पडत नाही.

पोटापाण्यासाठी तो परळच्या एका ऑफिसात नेटवर्क सांभाळतो. खरा जीव मात्र घरच्या पोटमाळ्यावरच्या सर्व्हरमध्ये. दर सोमवारी चाळीत भजन होतं आणि ते या सर्व्हरवरून, गावी जाऊन राहिलेल्या आमच्या म्हाताऱ्यांना थेट ऐकू जातं. समोरच्या टॉवरवाल्यांकडे नाही अशी सोय आमच्या चाळीत आहे, हे मी पाहुण्यांना चहाच्याही आधी सांगतो.

तर दिगूने त्यावर एचटीटीपी-थ्री नावाची नवी पद्धत बसवली. जुन्या पद्धतीत फोन वायफाय सोडून मोबाइलच्या नेटवर्कवर गेला की जोडणी तुटते, नवीत टिकते, असं त्याचं म्हणणं. भजन छान ऐकू येत होतं, तरी हा स्क्रीनकडे बघून धुमसत होता.

“अरे, चालतंय ना?” मी म्हटलं.

“चालतंय रे, पण जुन्याच वाटेने! ब्राउझर लबाड असतो. नवी वाट बंद दिसली की गुपचूप जुनीने येतो.”

मग चाचणी. दिगूने अख्ख्या मजल्याला आपापल्या फोनवर गेल्या सोमवारचं भजन लावून खाली चालायला लावलं. पुढे साटमकाकी, मागे आम्ही. जिना उतरून फाटकाकडे वळलो की वायफाय संपायचं आणि सगळे फोन गप्प व्हायचे.

“काकी, परत वर या!” दिगू गॅलरीतून ओरडायचा.

“मेल्या, माझी ढोपरां गेली!”

पानवाल्याला वाटलं, मिरवणूकच निघाली आहे.

शेवटी चूक सापडली. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये दिगूने दार उघडलं होतं, पण फक्त टीसीपीसाठी, म्हणजे जुन्या पद्धतीसाठी. नवी पद्धत यूडीपीने येते, तिला आत शिरायला वावच नव्हता. दोन जिन्यांच्या चाळीत वाढलेला माणूस एकाच जिन्याचं दार उघडून बसला होता! काकींनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

दुरुस्ती झाल्यावर आम्ही पुन्हा उतरलो. फाटक ओलांडलं, रस्त्यावर आलो, तरी भजन चालूच. मला इतका अभिमान वाटला की मी फोन सरळ पानवाल्याच्या कानाला लावला.

तो सोमवारच होता. संध्याकाळी भजन रंगात आलं, पण दिगू तिथे नव्हता. घरी जाऊन पाहिलं तर सर्व्हरखाली एकटाच बसलेला.

“आई गेल्यापासून गावी अण्णा दर सोमवारी फोन घेऊन अंगणात, खळ्यातल्या तुळशीपाशी जातात,” तो म्हणाला. “‘तुझी आवस थंयच बसायची,’ म्हणतात. घरातलं वायफाय तिथपर्यंत पोचत नाही. भजन बंद पडतं. अण्णांना वाटतं, संपलं. मग उठून आत येतात.”

इतक्या वर्षांचा शेजारी मी, आणि मला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या शेजारी बसून राहिलो.

भजन आटपलं आणि दिगूचा फोन वाजला. त्याने तो स्पीकरवर टाकला.

“झिला,” पलीकडून अण्णा म्हणाले, “आज भजन लांबला काय रे? तुझ्या आवशीन पुरा ऐकल्यान.”