भूलसुधाराची चौकट

जगातला प्रत्येक संपादक चुकीला घाबरतो. आमचे मुळ्ये सर मात्र बिनचूक बातमीकडेच संशयाने बघत.

"एकही चूक नाही?" चष्मा कपाळावर चढवून ते विचारत. "मग भिया, तू बाहेर गेलास तरी का? घरी बसून लिहिली असशील."

भैयाला 'भिया' म्हणणाऱ्या इंदूरच्या आमच्या कॉलेजात तेव्हा एक सोय होती. कॉलेजच्या पाक्षिकात राबलं की हिंदी विषयात वीस मार्कांपर्यंत मजल जाई. पाक्षिक चार पानांचं, संपादक मुळ्ये सर, आणि मार्कांची किल्ली त्यांच्या झब्ब्याच्या खिशात. बातमीला ते एक मार्क देत, तोही देपालपूरच्या आडत्याने गहू तोलावा तसा. पण छापलेल्या बातमीतली आपली चूक स्वतः शोधली, ज्याच्याबद्दल चुकलो त्याच्यासमोर जाऊन कबूल केली, आणि पहिल्या पानावरच्या चौकटीत 'भूलसुधार' लिहिला, की सरळ पाच.

"खबर तर कोई भी छापतो," सर म्हणत. "चुकलो म्हणायला कलेजा लागतो."

आता इंदूरची पोरं, आणि पाच मार्क. आम्ही चुकांची शेतीच सुरू केली. एका अंकात प्राचार्यांना हत्तीवरून पाडलं, पुढल्या अंकात नम्रपणे सायकलवर आणलं. गौतमपुऱ्याच्या आमच्या दोस्ताने छापलं की गावच्या हिंगोट युद्धात यंदा दारू ठासलेल्या जळत्या हिंगोट फळांऐवजी झेंडूची फुलं फेकली. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांवर आग फेकणारे दोन्ही पक्ष त्या दिवशी एक झाले आणि ट्रॅक्टर भरून त्याला शोधत आले. शिपाई रामसिंगला आम्ही स्वर्गवासी केलं, तर तो तेराव्याला काय बनवताय ते विचारायला आला, आणि दाल-बाफल्याचं पक्कं करूनच गेला.

फसलो फक्त मी. माझी बातमी होती शहरातली कापडमिल बंद पडल्याची. गेटवरचं कुलूप डोळ्यांनी बघून लिहिलेली. मिळाला एक मार्क, आणि पास व्हायला अजून पाच हवे होते.

सरांनी ती बातमी छापली खरी, पण छापून आल्यावर पुन्हापुन्हा वाचली. "याचा भूलसुधार आण."

"सर, यात चूक नाहीये."

"असेल. जाऊन बघ जरा."

मी जायचो, कुलूप हलवून बघायचो. कुलूप आपलं जाम. इकडे सरांनी बाकीच्यांचे भूलसुधार आतल्या पानात ढकलले आणि पहिल्या पानावरची चौकट कोरी सोडू लागले. शहरात तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास आणि रंगीत टीव्ही उगवत होते. एक टीव्हीवाला त्या चौकटीसाठी जाहिरात घेऊन आला, तर सर म्हणाले, "ती जागा रिझर्व आहे, भाईसाब."

परीक्षेच्या तोंडावर मी शेवटचा म्हणून गेलो. गेटसमोरच्या टपरीवर सर बसलेले. शेजारी खाकी शर्टातले एक म्हातारे, मांडीवर डबा.

"माझे मोठे भाऊ, अण्णा," सर म्हणाले. "इथे मागावर होते. मला एम.ए. यांनीच केलं."

अण्णांचा चेहरा उजळला. "बाळ्या, हाच का तुझा भूलसुधारवाला? काय रे बेटा, आणलीस का मिल उघडल्याची खबर? मी रोज पाळीच्या टायमाला येऊन बसतो. बाळ्या म्हणतो, पेपरात जागा राखून ठेवलीय."

मी सरांकडे पाहिलं. ते रिकाम्या ग्लासात चमचा ढवळत होते.

"पक्की नाही अजून, अण्णा," मी म्हणालो. "पण आतून हालचाल आहे म्हणतात."

"पक्की कर. घाई नको," म्हणत अण्णांनी डबा उघडून माझ्यापुढे केला. पोळी, लसणाची चटणी, आणि कोपऱ्यात गुळाचा खडा. पाळीवर जाणाऱ्या माणसाचा डबा.

सर मला वळणापर्यंत सोडायला आले. चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुन्हा वर चढवला.

"पाच दिले तुला."

"कशाचे, सर? बातमी तर बरोबर होती माझी."

"ती होती. आत्ता अण्णांना दिलीस ती चूक आहे," सर म्हणाले. "तिचा भूलसुधार आणू नकोस."