मावशीच्या डब्यातली चारशे कार्डं

"मावशी घरी यायच्या आत डबा उघडतो, चार कार्डं वाचतो आणि होतं तसं ठेवून देतो. तिला पत्ताही लागणार नाही!" असं बायकोला छातीठोक सांगून मास्तर स्टुलावर चढले.

मास्तर शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे. आपल्या मावशीनं तरुणपणी खोलीएवढ्या कॉम्प्युटरवर काम केलंय, याचा त्यांना कोण अभिमान! तेव्हा प्रोग्राम जाड कागदी कार्डांवर भोकं पाडून लिहीत. एका कार्डावर एक ओळ. तसला एक अख्खा प्रोग्राम मावशीनं कपाटावर पत्र्याच्या डब्यात जपला होता. त्यात काय आहे विचारलं की म्हणायची, "तुझं काय अडलंय?" झालं! अकरा वर्षं मास्तरांच्या डोक्यात तो किडा वळवळत होता.

डबा जिन्याजवळच्या टेबलावर आला. मास्तरांनी गठ्ठ्याचं रबर जरासं ताणलं मात्र, ते फटकन तुटलं आणि चारशे कार्डं जिन्यावरून पार खालच्या मजल्यापर्यंत धावली!

खालच्या डॉक्टरीणबाई दार उघडून म्हणाल्या, "अय्या! एवढ्या पत्रिका? लग्न कुणाचं?"

"पत्रिका नाहीत हो, प्रोग्राम आहे!"

"तेच विचारतेय, प्रोग्राम कधी आहे?"

कार्डं गोळा झाली, पण क्रम गेला. आणि क्रमाशिवाय प्रोग्राम म्हणजे उसवलेला सदरा! मास्तर डोकं धरून बसले. बायको शिवणकाम करायची. तिनं चारदोन कार्डं उचलून न्याहाळली.

"अहो, प्रत्येकाच्या कडेला पेन्सिलीचा ठिपका आहे. गठ्ठा बांधताना वरून तिरकी रेघ मारलेली दिसतेय, म्हणून दर कार्डावर ठिपका जरासा पुढे सरकलाय."

चौकड्याचं कापड जुळवावं तशी ती ठिपक्याला ठिपका लावत गेली. मास्तर मदत करत होते.

"तुम्ही उलटं धरलंय ते! नुसते बसा बघू."

शेवटची तीन कार्डं उरली आणि दारात मावशी!

"मावशी, अगं, वाऱ्यानं..."

"वाऱ्याला स्टूल लागलं वाटतं?"

मास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मावशीनं गठ्ठा चाळला. "क्रम अगदी बरोबर लावलास गं," असं भाचेसुनेला म्हणाली आणि चक्क हसली.

तेवढा धीर मास्तरांना पुरला. "आता सांगच! कसला प्रोग्राम हा?"

"ऑफिसातल्या सत्तर जणांच्या पाळ्या लावायचा. तुझे काका आणि मी एकाच पाळीत यावं म्हणून मी त्यात हळूच चार ओळी घुसडल्या होत्या. चार महिने खपले!"

"आणि आलात एका पाळीत?"

"कसले! कुठेतरी एक स्वल्पविराम चुकला. ते कायमचे रात्रपाळीत, मी कायमची सकाळी!"

"मग लग्न जमलं कसं?"

"ते जांभया देत बाहेर पडत होते. दारातच गाठलं आणि तोंडानं विचारलं. दोन मिनिटं लागली."