सदुसष्ट किलोचे काटेसाहेब

"खडक म्हणजे काय, उभा केलेला रस्ता," काटेसाहेब नाश्त्याच्या टेबलावर म्हणाले. "रस्त्यावरून आपण चालतोच ना? मग खडकावरूनही चालता येईल. फक्त जरा वर बघून चालायचं."

हे त्यांनी पावाला लोणी लावता लावता सांगितलं, आणि तो पाव चौथा होता.

समुद्राकाठच्या त्या लॉजमध्ये दोन बहिणी आपापल्या नवऱ्यांना घेऊन चार दिवसांच्या सुट्टीला आल्या होत्या. काटेसाहेब हे धाकटीचे यजमान. खरं नाव वेगळं, पण वजनमापे निरीक्षक म्हणून चोवीस वर्षं नोकरी केल्यावर ते फक्त पगारपत्रकात उरलं होतं. बाजारात हा माणूस शिरला की दुकानदार आधी तराजू पुसत आणि मग "या साहेब" म्हणत. एका ग्रॅमचीही सूट त्यांनी कधी कुणाला दिली नव्हती. सख्ख्या मामाच्या दुकानातला काटासुद्धा त्यांनी जप्त करून आणला होता, आणि मामा अजून त्यांच्याशी बोलत नव्हते.

थोरलीचे यजमान दातांचे डॉक्टर. म्हणजे काटेसाहेबांचे साडू. आणि हे साडू म्हणजेच काटेसाहेबांचं गेल्या एकोणीस वर्षांचं दुखणं.

डॉक्टर वाईट असते तर बरं झालं असतं. चार नावं ठेवून माणूस मोकळा होतो. पण हा गृहस्थ सभ्य, हसतमुख, पन्नाशीतही पोट सपाट. कुणाकडे गेला तर गळका नळ दुरुस्त करून येणार. जेवण झालं की न सांगता भांडी पुसायला घेणार. प्रवासात नकाशा उघडला तर पुन्हा त्याच घड्यांवर मिटणार. आणि प्रत्येक वेळी काटेसाहेबांची बायको मान डोलावून म्हणणार, "वा, भाऊजी."

काटेसाहेबांचा पेशाच मोजण्याचा. त्यांनी मोजलं होतं. लग्न झाल्यापासून बायकोने डॉक्टरांना एकशे बारा वेळा 'वा' म्हटलं होतं. काटेसाहेबांना एकदा. तेही घरी पाहुणे बसलेले असताना, त्यामुळे ते धरायचं की नाही याबद्दल त्यांच्याच मनात शंका होती.

आदल्या संध्याकाळी लॉजच्या फाटकावरची पाटी डॉक्टरांनी वाचली. खडकचढाई, नवशिक्यांसाठी, सोबत गाईड. "जाऊ या का उद्या?" ते म्हणाले.

"वा, भाऊजी, काय काय सुचतं तुम्हाला," बायको म्हणाली. एकशे तेरा.

"मी तेच म्हणणार होतो," काटेसाहेब म्हणाले. ते असलं काहीही म्हणणार नव्हते. त्यांना दुपारी झोपायचं होतं. पण रात्रभर त्या एकशे तेराने अशी काही झोप उडवली की सकाळपर्यंत त्यांचा निश्चय पक्का झाला. आजचा 'वा' आपला. एकच हवा, पण खणखणीत हवा, आणि साडूच्या देखत हवा.

खडक समुद्राकडे तोंड करून उभा होता, तीन मजली इमारतीएवढा. माथ्यावर एक पितळी घंटा टांगली होती. वर पोचणाऱ्याने ती वाजवायची, असा तिथला रिवाज. पायथ्याशी गाईडबाई दोर मोकळे करत बसल्या होत्या. उन्हाने नाक सोललेलं, बोलणं कमी, आणि बोटं अशी की नारळ हाताने सोलतील.

"दोर वरच्या कडीतून जाऊन खाली येतो," त्यांनी समजावलं. "एक टोक चढणाऱ्याच्या पट्ट्याला, दुसरं खाली उभं राहून दोर धरणाऱ्याच्या पट्ट्याला. वरचा सुटला तर खालच्याच्या वजनावर लटकतो. म्हणून वजनं मला बरोबर लागतात. चढणारा सत्तरच्या वर असेल, तर दोर धरणाऱ्याला मी मागच्या मोठ्या दगडाला बांधून ठेवते. नाहीतर खालचा माणूस वर जातो."

सगळे हसले. काटेसाहेब सगळ्यात मोठ्याने हसले.

गाईडबाईंनी उभं राहून वजन करायचा काटा वाळूतल्या फळीवर ठेवला. आधी दोघी बहिणी झाल्या. थोरली साठ, धाकटी बावन्न. मग डॉक्टर चपला काढून काट्यावर चढले. सुई थरथरली आणि अडुसष्टवर थांबली.

"अडुसष्ट?" बायको म्हणाली. "वा, भाऊजी. लग्नात होतात तेवढेच आहात की."

एकशे चौदा.

आता नंबर काटेसाहेबांचा. त्यांनी काट्याकडे पाहिलं. काट्याने त्यांच्याकडे पाहिलं. शर्टाच्या आत पोट ओढून घेतलं तरी सुई काही पोटाकडे बघून ठरवत नाही, हे त्यांच्याइतकं जगात कुणाला ठाऊक असणार? आणि त्याच क्षणी, सवयीने, त्यांची नजर काट्याच्या बाजूला गेली. ते गुडघ्यावर बसले. खिशातून भिंग काढलं. सुट्टीवरही त्यांच्या खिशात भिंग असे.

"बाई, या काट्यावरचा तपासणीचा शिक्का मागच्या वर्षीचा आहे."

"असेल, सर. पण काटा नीट आहे."

"नीट आहे की नाही हे शिक्का सांगतो. मुदत संपून तीन महिने झाले. या काट्यावर केलेलं वजन हे वजन नव्हे."

"अहो, सुट्टीवर आहात ना," बायको हळूच म्हणाली.

"रजा माझी आहे. नियमाची नाही." काटेसाहेबांनी काटा उचलला, त्यावर टॉवेल टाकला आणि तो बाजूला ठेवून दिला. जाता जाता डॉक्टरांना म्हणाले, "तुमचं अडुसष्टही तसं संशयास्पदच म्हणायचं, डॉक्टर."

गाईडबाई ओशाळल्या. "मग सर, तोंडीच सांगा. किती?"

काटेसाहेबांचं वजन चौऱ्याऐंशी होतं. आठच दिवसांपूर्वी कार्यालयातल्या काट्यावर, ज्याचा शिक्का यंदाचा होता, त्यांनी ते केलं होतं. चौऱ्याऐंशी हा आकडा त्यांच्या जिभेच्या टोकावर आलाही होता. तेवढ्यात डॉक्टरांनी सहज पाय लांब करून स्वतःच्या अंगठ्याला हात लावला.

"सदुसष्ट," काटेसाहेब म्हणाले.

गाईडबाईंनी त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं आणि मधल्या भागावर जरा जास्त वेळ पाहिलं. "नक्की ना, सर?"

"बाई," थोरली मेहुणी पुढे होऊन म्हणाली, "ते वजनमापे निरीक्षक आहेत. वजनाच्या बाबतीत त्यांच्या तोंडून खोटं निघायचं नाही."

"असं होय. मग प्रश्नच नाही," म्हणून गाईडबाईंनी वहीत सदुसष्ट लिहिलं.

बायकोने नवऱ्याच्या कंबरेकडे पाहिलं. गेल्या महिन्यात तिने त्यांच्या तीन पँटी कंबरेत सैल करून आणल्या होत्या. पण या एका विषयात ती नवऱ्याचा शब्द डोळे मिटून मानत आली होती. कापडच आटलं असेल, असं तिने मनाशी ठरवलं.

पहिले डॉक्टर चढले. त्यांचा दोर त्यांच्या बायकोने, म्हणजे ताईंनी धरला. खडकात बोटं रुतवत, पाय हलके टेकवत, जणू स्वतःच्या दवाखान्याचा जिना चढावा तसे ते वर गेले आणि घंटा वाजवली. घंटेचा आवाज काटेसाहेबांच्या थेट दाढेत गेला. बायकोने टाळ्या वाजवल्या आणि दोनदा 'वा' म्हटलं. ते सुटे धरायचे की जोडून, हा विचार करायलाही काटेसाहेबांना सवड मिळाली नाही, कारण गाईडबाई त्यांच्या मांड्यांना पट्टे आवळत होत्या.

"दोर कोण धरणार?"

"ही धरेल," काटेसाहेब म्हणाले. 'वा' जिच्या तोंडून यायचा ती अगदी जवळ हवी.

"मॅडम बावन्न, सर सदुसष्ट." गाईडबाईंनी वही पाहिली. "चालेल. बांधायची गरज नाही. मॅडम, हा दाबपट्टा आपोआप दोर आवळतो. सर सुटले तर थोडा हिसका बसेल, तेवढंच."

त्या वेळी काटेसाहेबांना काही बोलता आलं असतं. खरं सांगायचं तर त्यांनी तोंड उघडलंही. पण शेजारी डॉक्टर घाम न आलेलं कपाळ उगाच पुसत उभे होते. काटेसाहेबांनी तोंड मिटलं आणि खडकाला हात घातला.

पहिले पाच-सहा फूट ते खरोखरच चढले. आणखी चार फूट रागावर चढले. त्यापुढचे पाच कसे चढले ते त्यांनाही सांगता येणार नाही. डावा पाय थरथरायला लागला, त्याचं बघून उजवाही लागला. घंटा अजून तेवढीच लांब होती.

"अहो, पुरे झालं, उतरा," खालून बायकोचा आवाज आला.

"घंटा वाजवूनच येईन," काटेसाहेब म्हणाले, आणि त्यांचे हात सुटले.

पुढे जे घडलं ते फारसं वेगात घडलं नाही. तेच जास्त वाईट. काटेसाहेब संथपणे खाली येऊ लागले, आणि त्याच संथपणे त्यांची बायको वर निघाली. दोर हातात घट्ट, चेहऱ्यावर निव्वळ आश्चर्य. आठेक फुटांवर दोघांची गाठ पडली. बायकोने झटकन त्यांच्या कंबरेचा पट्टा धरला, आणि दोघं एकाच कडीखाली, समोरासमोर, लटकत राहिली.



"इथून समुद्र छान दिसतो," बायको म्हणाली.

"हो ना," काटेसाहेब म्हणाले.

"मी चढणारच नव्हते."

"हो."

"अहो, तुमचं वजन किती आहे?"

काटेसाहेब समुद्राकडे बघू लागले.

खालून गाईडबाई ओरडल्या, "मॅडम, पट्टा सोडू नका. तुम्ही सोडलंत तर सर खाली येतील आणि तुम्ही वर जाल. मी दुसरा दोर तुमच्या पट्ट्याला लावते, खालून ओढून तुम्हाला आणू. फक्त ओढायला किती माणसं लागतील ते ठरवायचंय. सर, वजन परत सांगा. खरं."

"सदुसष्ट असेल तर मी एकटा पुरेन," डॉक्टर मदतीला धावत म्हणाले. "काळजी करू नका, साहेब."

डॉक्टर दोराला एकटे. बायको दोघांच्या मधे, आणि एकट्याचा जोर अपुरा पडला तर वर भिरकावली जाणार तीच. काटेसाहेबांना आतापर्यंत फक्त डॉक्टरांचा हेवा वाटत होता. आता पहिल्यांदा बायकोची भीती वाटली. म्हणजे तिला काही होईल याची.

"चौऱ्याऐंशी," ते म्हणाले.

"किती? वाऱ्यात ऐकू आलं नाही."

"चौऱ्याऐंशी," ते ओरडले. ते खडकावर आपटून परत आलं, त्यामुळे पलीकडच्या किनाऱ्यावर टोपल्या धुणाऱ्या मासेविक्रेत्या बाईनेही मान वर केली.

गाईडबाई चार पकडींत खडकावर चढल्या, बायकोच्या पट्ट्याला दोर अडकवून उतरल्या. मग गाईडबाई, ताई आणि डॉक्टर अशा तिघांनी मिळून दोर ओढला. पट्टा सोडून बायको हळूहळू खाली निघाली, आणि अर्थातच काटेसाहेब, विहिरीतून घागर यावी तसे, पुन्हा वर चालू लागले. साडू ओढत होते आणि ते चढत होते. मघा जिथून पडले तिथपर्यंत ते काही न करता पोचले. तिथून त्यांनी घंटेकडे हात लांबवून पाहिला. हात बराच कमी पडला.

बायकोला मागच्या दगडाला बांधल्यावर गाईडबाईंनी काटेसाहेबांना सावकाश उतरवलं. वाळूवर पाय टेकले तेव्हा बायकोने आधी त्यांचे कोपर तपासले, कुठे खरचटलं नाही ना ते पाहिलं, आणि मग त्यांच्याकडे पाठ करून बसली.

ताई मात्र उभ्याच होत्या. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"साहेब, आता मी यांना काय सांगू?"

"कुणाला?"

"यांना." त्यांनी डॉक्टरांकडे बोट केलं. "हे पेशंटला सांगतात दुखणार नाही, आणि दुखतं. घरी फोन करून सांगतात दहा मिनिटांत आलो, आणि तासाने येतात. दर वेळी मी तुमचं नाव घेते. म्हणते, धाकटीच्या नवऱ्याकडे बघा. एका ग्रॅमचं खोटं बोलायचा नाही तो माणूस. एकोणीस वर्षं म्हणतेय. नळ काय, कुणीही दुरुस्त करतं."

काटेसाहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. एकोणीस वर्षं ज्याच्यावर आपण जळत होतो तो आपल्यावर जळत होता, आणि ही गोष्ट आपल्याला आजच, सतरा किलो उशिरा कळावी.

डॉक्टर मात्र बदलत चालले होते. आधी त्यांचे खांदे सैल झाले. मग इतक्या वर्षांचं काहीतरी पाठीवरून उतरल्यासारखे ते ताठ उभे राहिले. त्यांनी बाजूला जाऊन टॉवेल काढला, तो काटा उचलून आणला आणि काटेसाहेबांच्या पायाशी ठेवला.

"शिक्का राहू दे, साहेब. एकदा उभे राहा. माझ्यासाठी."

काटेसाहेब उभे राहिले. सुई थरथरली, फिरली आणि चौऱ्याऐंशीच्याही पुढे जाऊन पंच्याऐंशीवर थांबली. चार पाव होते ते.

डॉक्टर वाकून बघत होते. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. आणि मग ज्या एका शब्दासाठी काटेसाहेब एकोणीस वर्षं झुरले होते तो शब्द डॉक्टरांनी, अगदी आतून, धाकटीच्या देखत उच्चारला.

"वा!"