शेवटच्या गाडीचा फलक

"पाच म्हणजे पाच," बोर्गहिल म्हणाली. "सव्वापाच नाही. वारा सुटला, घाट बंद पडला, मला काही सांगायचं नाही."

"पाच," ओडवार म्हणाला आणि कॉफी पीत राहिला.

ओडवार गेले सव्वीस हिवाळे घाटात बर्फ सारायचा ट्रक चालवत होता. त्या सव्वीस वर्षांत लेकीचा बाप्तिस्मा, मेहुणीचं लग्न आणि स्वतःच्या लग्नाच्या पंचविशीचं जेवण, एवढं सगळं घाटानं गिळलं होतं. बोर्गहिलनं दर वेळी त्याचं ताट झाकून ठेवलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. आज मात्र ती बोलली, कारण आज ती एकटी गाणार होती. चर्चच्या गायनमंडळात ती अठरा वर्षं मागच्या रांगेत उभी होती. मग पुढच्या रांगेतली आसलाउग चर्चच्या पायवाटेवर घसरली, तिचा पाय मोडला आणि नाताळातलं एकटीचं गाणं बोर्गहिलकडे आलं. त्या पायवाटेवर वाळू टाकायचं काम ओडवारकडे होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं तिथं दीड ट्रक वाळू ओतली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं, पण घरात हा विषय कोणी काढत नसे.

"अशा हवेत यायचंय कोण म्हणा," बोर्गहिल ताटल्या उचलत म्हणाली. "दहा माणसं जमली नाहीत तर पाद्री कार्यक्रमच रद्द करणार आहे. निदान तू तरी ये. एक डोकं तेवढंच."

दुपारी पावणेचारला ओडवार घाटाच्या पलीकडच्या अडसरापाशी उभा होता. वारा असा होता की स्वतःचे बूट दिसत नव्हते. अशा दिवशी घाटात कोणालाही एकटं सोडत नाहीत. पुढे ओडवारचा ट्रक, मागे ओळीनं बाकीच्या गाड्या. आज एकोणीस होत्या. त्यात हँडबॉल खेळणाऱ्या मुलींची एक बस, मासळीचे दोन ट्रक आणि सगळ्यात शेवटी डेन्मार्कहून आलेला एक दातांचा डॉक्टर होता.

"ट्रकवरचा पिवळा दिवा बघायचा," ओडवारनं प्रत्येक खिडकीत डोकं घालून तेच सांगितलं. "दिवा फिरतोय तोवर माझ्या मागे. थांबायचं नाही, पुढे काढायची नाही, डोकं चालवायचं नाही."

"आणि घाट संपला हे कसं कळायचं?" डॉक्टरनं विचारलं. डेन्मार्कात डोंगर नसतात, त्यामुळे बिचाऱ्याचा प्रश्न रास्त होता.

"दिवा बंद होईल. आणि हे धर." ओडवारनं त्याच्या हातात एक लाल फलक दिला. त्यावर 'शेवटची गाडी' असं लिहिलं होतं. "हा खाली उतरल्यावर माझ्या हातात द्यायचा. दुसऱ्या कोणाच्या नाही. हा परत आला की मी कळवतो, घाटात कोणी उरलं नाही."

"तुमच्याच हातात," डॉक्टर म्हणाला आणि फलक त्यानं मांडीवर घेतला.

घाट उतरायला तासापेक्षा जास्त वेळ लागला. खालचा अडसर आला तेव्हा पाचला चार मिनिटं कमी होती. इथं थांबायचं, दिवा बंद करायचा, फलक घ्यायचा, नियंत्रण कक्षाला फोन करायचा, असा नियम होता. तो नियम ओडवारनंच नव्या लोकांना सव्वीस वर्षं शिकवला होता. पण खाली हवा जरा निवळली होती आणि समोर तीनशे मीटरवर चर्चच्या खिडक्या उजळलेल्या दिसत होत्या. घाट तर संपलाच आहे, जातील आपापल्या वाटेनं, असं म्हणून त्यानं ट्रक चर्चकडे वळवला. दिवा बंद करायचा राहिला तो राहिलाच.

आवारातलं बर्फ सारत तो थेट दारापर्यंत गेला आणि उडी मारून आत शिरला. बाकांवर चार माणसं होती, त्यातली एक पाद्र्याची बायको. पाद्री घड्याळ बघत होता. बोर्गहिल हातात कागद धरून उभी होती.

तेवढ्यात दार उघडलं आणि मासळीच्या ट्रकचे दोन्ही ड्रायव्हर आत आले. मागोमाग एक म्हातारं जोडपं, मग हँडबॉलच्या सगळ्या मुली.

"इथं का थांबलोय?" एका मुलीनं विचारलं.

"दिवा चालू आहे ना अजून?" पहिला ड्रायव्हर म्हणाला. "मग थांबायचं. डोकं चालवायचं नाही असं सांगितलंय."

ते सगळ्यांना पटलं. टोप्या काढून लोक बाकांवर बसले. शेवटी डॉक्टर फलक घेऊन आला, त्याला पहिल्या बाकावर जागा मिळाली. बोर्गहिलनं भरलेल्या चर्चवरून नजर फिरवली आणि ती ओडवारवर येऊन थांबली. तसं तिनं लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. ओडवारला बरं वाटलं, आणि आपण काहीही केलेलं नाही हे सांगायचा धीर झाला नाही.

तीन गाणी झाली. बोर्गहिल पुढे आली, आणि ओडवारच्या खिशात फोन थरथरला. तो वाकून बाहेर सटकला.

"ओडवार, तुझ्या एकोणीस गाड्या कुठे आहेत?" नियंत्रण कक्षातली सिग्ने विचारत होती.

"खाली आहेत."

"फलक आला हातात?"

"फलक चर्चमध्ये आहे."

"तुझा फोन आला नाही म्हणून बचाव पथक वर गेलंय, ओडवार. आठ माणसं. आता नुसता फलक चालायचा नाही, तू गाड्यांचे नंबर वाचून दाखवल्याशिवाय मी त्यांना परत बोलावू शकत नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ओडवार गुडघाभर बर्फातून एकेका गाडीपाशी गेला, हातमोज्यानं पाटी पुसून नंबर वाचत राहिला. आतून सूर येत होता, पण वारा तो मध्येच खाऊन टाकत होता. एकोणिसावी पाटी वाचून झाली आणि आत टाळ्या वाजल्या. बराच वेळ वाजल्या. ओडवार फोन धरून तसाच उभा राहिला. त्याला फार वाईट वाटलं.

लोक बाहेर आले. "संपलं, निघा," असं तो एकेकाला सांगत सुटला. डॉक्टर आत पाद्र्याच्या बायकोबरोबर कॉफी पीत होता, त्याला ते कळलं नाही.

बोर्गहिल ट्रकमध्ये चढून बसली. "एवढी माणसं आणलीस," ती म्हणाली. "कसं जमवलंस?"

"माझ्या मागे या म्हटलं."

"आणि गाणं?"

"छान झालं."

"दुसऱ्या कडव्यात अडखळले, ते कळलं का?"

"थोडंसं. कोणाच्या लक्षात नाही आलं."

"मी अडखळले नव्हते," बोर्गहिल म्हणाली आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी तिनं तांदळाची खीर गरम करायला ठेवली. दोनच वाट्या काढल्या, आणि दुसरी जरा जोरातच ठेवली. तेवढ्यात दार वाजलं. दारात डॉक्टर उभा होता, मिशांना बर्फ लागलेलं.

"हा तुमच्याच हातात द्यायचा होता," त्यानं लाल फलक पुढे केला. "आता घाट संपला का? दिवा अजून चालू आहे, म्हणून विचारतो."

बोर्गहिलनं ओडवारकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं, खिडकीवरून फिरणाऱ्या पिवळ्या उजेडाकडे पाहिलं. सगळा उलगडा तिला उभ्याउभ्या झाला. तिनं तिसरी वाटी काढली.

"बाई, तुम्ही काय गायलात," डॉक्टर बसता बसता म्हणाला. "पुन्हा ऐकायला मिळेल का?"

"चर्चमध्ये झालं तेवढं पुरे."

"मी ऐकलंच नाही, बोर्गहिल," ओडवार म्हणाला. "मी बाहेर पाट्या पुसत होतो. मला ऐकायचंय."

सव्वीस वर्षांत त्यानं तिच्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट असावी. बोर्गहिलनं पळी खाली ठेवली, ॲप्रनला हात पुसले आणि चुलीपाशी उभी राहून गायला लागली.

मध्येच ओडवारच्या मनात आलं, उठून दिवा बंद करून यावं. पण दारापर्यंत गेलं तरी एक कडवं चुकणार. तो उठला नाही.

सकाळी ट्रकची बॅटरी उतरली होती. घाट दोन तास उशिरा उघडला. कारणाच्या रकान्यात ओडवारनं लिहिलं, 'हवामान.'