तारीख वाचणारे नथ्थूआबा

नथ्थूआबांना चहाबरोबर बिस्किटं दिली, की ते आधी रिकामा पुडा मागतात. केरात गेला असेल तर केरातून काढून आणायला लावतात. मग कपाळावरचा चष्मा नाकावर येतो, पुडा उजेडाकडे धरला जातो, आणि आबा ओठ हलवत तारीख वाचतात. बनवली कधी, संपते कधी. वाचून झालं की म्हणतात, "चालेल." तोवर चहा गार झालेला असतो आणि यजमानाला जीव नकोसा.

मीठ, साबण, उदबत्ती, काहीही सुटत नाही. चौकातल्या मारवाडी शेठच्या दुकानात त्यांनी एकदा काडेपेटीवर तारीख शोधली होती. शेठ म्हणाला, "आबा, काडेपेटीला तारीख नसते." आबा म्हणाले, "का नसते? मी विरोध करत नाही, मी फक्त विचारतोय." शेठने हात जोडले आणि काडेपेटी तशीच देऊन टाकली.

'मी विरोध करत नाही, मी फक्त विचारतोय' हे आबांचं पेटंट वाक्य. हे वाक्य म्हणून झालं की कोणावरही कसलाही चिखल उडवायला आबा मोकळे. आबा आमचे माजी जिल्हा परिषद सदस्य. भडगावच्या अलीकडे गिरणेकाठी आमचं गाव आहे, आणि तिथल्या उपकेंद्रात मी बावीस वर्षं आरोग्यसेविका आहे. आबांना मी अहो-जाहो करते ते वयाला. अकलेला करायचं म्हटलं तर जीभ वळत नाही.

आबांची गाडी लसीवर घसरली ती कोरोनाच्या काळात. तोवर ते रस्ता, पाणी, वीज यांवर बोलायचे आणि लोक समोर बसून जांभया द्यायचे. एका सभेत त्यांनी सहज म्हटलं, "या लसीत काय आहे, कोणी सांगेल का?" आणि मागच्या रांगेत झोपलेले उठून बसले. आबांनी ते बघितलं. इतक्या वर्षांत भाषणाला असं गिऱ्हाईक त्यांना कधी मिळालं नव्हतं. कोरोना गेला, पण आबांनी तो धंदा काही सोडला नाही. मग बाळांच्या लसी धरल्या. मोबाइलवर कुठकुठले व्हिडिओ यायचे, ते आबा पारावर मोठ्या आवाजात लावायचे. व्हिडिओतला माणूस कोण, डॉक्टर की सुतार, हे त्यांनी कधी विचारलं नाही. बिस्किटाच्या पुड्याला जेवढी चौकशी, तेवढीही नाही.

बरं, हे सगळं दुसऱ्यांच्या पोरांपुरतं. लम्पीची साथ आली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांच्या गाडीसमोर पहिला नंबर आबांच्या शंभू आणि हिऱ्या या बैलांचा होता. इंजेक्शन झाल्यावर हिऱ्याच्या मानेवरून आबा टॉवेलने वारा घालत होते. मी रस्त्यावरून विचारलं, "आबा, बैलाला लस चालते वाटतं?" ते म्हणाले, "बैलाचं वेगळं असतं, ताई." आणि हिऱ्याला पुन्हा वारा घालू लागले. पुढे एका मिरवणुकीत त्यांच्या पायात खिळा घुसला, तर लंगडत थेट उपकेंद्रात. "ताई, धनुर्वाताचं द्या." मी एक दिलं. म्हणाले, "एकाने भागेल ना? पाहिजे तर दोन द्या." मी तेव्हा हसले नाही. घरी जाऊन नवऱ्याला सांगताना पोट धरून हसले.

पण हसण्यावारी नेण्याचे दिवस लवकरच संपले. आमचा लसीकरणाचा वार बुधवार. मी आणि आशाताई लसींचा निळा डबा घेऊन बसायचो आणि यादीतली नावं तशीच राहायची. दारोदार गेलं की बायका दार लोटून घ्यायच्या. एक जण तर उंबऱ्यातूनच म्हणाली, "आबा सांगतस, सुई दिधी म्हंजे पोरं लुळी पडतस." तिच्या कडेवर सहा महिन्यांचं बाळ होतं आणि त्याला एकही डोस मिळालेला नव्हता. ही बाई गेल्या वर्षी बाळंतपणात माझा हात धरून रडलेली. आबांच्या एका प्रश्नापुढे माझी बावीस वर्षं उडून गेली. मला आबांचा राग येतो असं म्हणणं फार सौम्य होईल.

गेल्या हिवाळ्यात आबांनी कळस केला. निवडणुका तोंडावर होत्या आणि त्यांना तिकीट हवं होतं. त्यांनी दर बुधवारी मळ्यात भरीत पार्टी ठेवायला सुरुवात केली. आता आमच्याकडे भरीत म्हटल्यावर कोण घरात राहतं? तुराट्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, केळीच्या पानावर वाढप. बायका-पोरांसकट सगळं गाव दुपारी मळ्यात, आणि उपकेंद्रात मी, आशाताई आणि एक मांजर.

दोन बुधवार मी सहन केले. तिसऱ्या बुधवारी निळा डबा खांद्याला लावला आणि मळ्यात गेले. केळीच्या बागेच्या कडेला बाभळीखाली खुर्ची मांडली, यादी काढली आणि बसले. आबा पंगतीतून फिरत पुऱ्या वाढत होते. मला बघून जोरात म्हणाले, "या, या! सरकार आपल्या दारी!" लोक हसले. मग आबांनी भाषणाचा सूर लावला. "ताईंना आपला विरोध नाही. आपण फक्त विचारतोय. पोराला काही झालं तर गॅरंटी कोण घेणार?"

मी म्हणाले, "आणि लस दिली नाही म्हणून काही झालं तर? त्याची गॅरंटी तुम्ही घ्या. समोर उभे राहा आणि सांगा."

आबा हसले. पुऱ्या घेऊन पुढच्या पानाकडे गेले.

त्यांची सून दीपाली पाणी वाढत होती. तिच्या कडेवर मुक्ता, आबांची दीड वर्षाची नात. मुक्ताचे सुरुवातीचे डोस दीपालीने माहेरी असताना गुपचूप उरकले होते. ते मला ठाऊक होतं, आबांना नव्हतं. आता बूस्टर राहिला होता. दीपालीने एकदा माझ्या डब्याकडे बघितलं, एकदा सासऱ्याकडे, आणि तांब्या घेऊन पुढे गेली. आबा या नातीला क्षणभर खाली ठेवत नाहीत. तिचं नाव त्यांनीच ठेवलेलं. मुक्ताईनगरच्या मुक्ताईवर श्रद्धा असेल, असं मी आपलं धरून चालले होते.

तेवढ्यात आशाताईचा फोन वाजला. आबांच्याच शेतात ऊस तोडायला आलेल्या टोळीतली एक पोर, तीन वर्षांची, आदल्या दिवसापासून तापाने फणफणली होती. घसा सुजून मान जाड झालेली. टोळीवाल्यांनी तिला भडगावला नेलं, तिथून धुळ्याला पाठवलं. डॉक्टरांचा निरोप होता की घशात पांढरा पडदा दिसतोय, आसपासच्या सगळ्या मुलांची यादी लगेच काढा.

मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घटसर्प आहे."

आबांच्या हातात पुऱ्यांची परात होती. ती त्यांनी जवळच्या माणसाच्या हातात दिली. दिली म्हणजे त्याच्या अंगावरच लोटली. मग पंगतीतून वाट काढत दीपालीकडे गेले, मुक्ताला घेतलं, तिचं तोंड उघडून आत बघायला लागले. पोर किंचाळली. आबा तिला छातीशी धरून घराकडे चालू लागले. चपला मळ्यातच राहिल्या. मागे लोक माना खाली घालून भरीत संपवत होते. माझ्या डब्याकडे तरीही कोणी आलं नाही. आबा घाबरले याचा मला आनंद झाला. झाला, खोटं कशाला बोलू.

पुढच्या बुधवारी उपकेंद्र उघडायला गेले, तर पायरीवर आबा बसलेले. मांडीवर मुक्ता, शेजारी दीपाली. टोपी नाही, बरोबर कार्यकर्ते नाहीत. मी कुलूप काढलं. मनात म्हटलं, पायात खिळा घुसला तेव्हा आलात तसेच आज आलात. स्वतःवर बेतलं की उपकेंद्र आठवतं.

आत आल्यावर आबांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून एक कार्ड. जुनं, घडीवर फाटलेलं, चिकटपट्टी लावलेलं. लसीकरणाचंच कार्ड, फार जुन्या पद्धतीचं. वर नाव होतं, मुक्ता नथ्थू. पहिला डोसही पोर वर्षाची झाल्यावरचा, त्याच्यासमोर सही होती. दुसऱ्यासमोर पेन्सिलने तारीख लिहिलेली आणि पुढे काही नाही.

"मनी पोर," आबा म्हणाले. "पहिली."

मग ते सांगत गेले. माझ्या आधीच्या सिस्टर त्या पेन्सिलच्या तारखेला या मुलीला लस द्यायला घरी आल्या होत्या. आबा तेव्हा जिल्हा परिषदेला उभे होते. पोरीला जीपमध्ये पुढे बसवून गावोगाव फिरवायचे. ती सगळ्यांना हात करायची, लोकांना फार आवडायचं. सिस्टर पुन्हा आल्या, पुन्हा पोर प्रचारात. तिसऱ्यांदा आबांनीच सांगितलं, मतदान होऊ द्या, मग बघू.

"घटसर्पमा गई ती," आबा म्हणाले. "त्या निवडणूकमा मी निवडी उनू."

मी सुईचं पाकीट फोडलं होतं, ते हातातच राहिलं. गावात हे कोणी कधी बोललं नव्हतं. दीपालीही पहिल्यांदाच ऐकत होती, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

आबांनी टेबलावरची लसीची कुपी उचलली. सवयीने उजेडाकडे धरली, तारीख वाचली, खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, एक इचारू?"

"विचारा."

"तिले टायमावर सुई देयेल ऱ्हाती, तं वाची जाती का ती?"

इतकी वर्षं या माणसाने मला शंभर प्रश्न विचारले असतील. उत्तर हवं म्हणून विचारलेला हा पहिला. आणि मला कळलं की बाकीचे शंभर त्यांनी हा एक विचारावा लागू नये म्हणून विचारले होते. लस खोटी ठरली असती तर आबा सुटले असते. त्यासाठी त्यांनी गावभरच्या पोरांना पणाला लावलं होतं.

'सांगता येत नाही, आबा, नशिबाचा भाग' असं म्हणणं सोपं होतं. समोर म्हातारा माणूस, डोळे भरलेले. पण दार लोटून घेणारी ती बाई आठवली, आणि धुळ्याला नळ्या लावून पडलेली ऊसतोडीची पोर आठवली. ती वाचली, पण त्या दिवशी तिचं काहीच नक्की नव्हतं.

मी म्हणाले, "हो आबा. बहुतेक वाचली असती."

आबांनी मान हलवली. मग मुक्ताला मांडीवर नीट घेतलं, तिचा फ्रॉक वर केला आणि म्हणाले, "कोनता पाय धरू?"

मी सांगितलं. त्यांनी धरला. पोर रडली, आबा तिच्यापेक्षा जास्त रडले. मी सुई देऊन कार्डावर सही केली, पुढची तारीख लिहिली. आबांनी ती दोनदा वाचून घेतली.

"कितला येळ बसनं पडी?"

"अर्धा तास. इथे आत बसा."

ते आत बसले नाहीत. नातीला घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसले, अगदी रस्त्याला तोंड करून. शेतावर निघालेली माणसं थांबायची, बघायची, "आबा, तुम्ही इथं?" म्हणायची. आबा मुक्ताच्या मांडीवरचा कापूस दाखवायचे.

भाषण करून त्यांनी आपले शब्द परत घेतलेले नाहीत, अजूनही नाही. मीही त्यांना माफ केलेलं नाही. पण त्या बुधवारी अर्धा तास संपल्यावर मी त्यांना सांगायला बाहेर गेले, तर म्हणाले, "बसू द्या, बाई." दुपारी मी डबा बंद करेपर्यंत ते त्याच बाकावर होते. तोवर चार बायका पोरं घेऊन आल्या होत्या. त्यातली पहिली ती उंबऱ्यातली.